अक्काची मूठ

"अक्का, जमीन थकली आपली," कोंडिराम फोनवर म्हणाला, आणि इकडे मीरा रोडला वैजयंताच्या हातातलं लाटणं पोळपाटावर आपटलं.

एप्रिल महिना होता. परभणीजवळच्या टाकळीत या बहीणभावांचं तीन एकर रान होतं. कसायचा कोंडिराम, पण सातबाऱ्यावर नाव दोघांचं. वडील, म्हणजे दादा, होते तेव्हा त्याच रानात एकरी आठ-नऊ क्विंटल सोयाबीन व्हायचं. गेली काही वर्षं ते चारावर घसरलं होतं आणि तिथेच बसून राहिलं होतं. शेजारच्या पाटलाने रान विकत मागितलं होतं. कोंडिरामच्या मागे कुणाचा तगादा नव्हता, पिठाची गिरणी बरी चालली होती. त्याचं मनच उडालं होतं.

"बियाणं बदललं, खत बदललं. काय बी करा, चारच. माती मेली ती. तुझी सही लागंल. दिवाळीच्या आत करून टाकू."

"सही मिळणार नाही."

"अगं पण अक्का..."

"मेली म्हणे! कुणी तपासली?"

वैजयंता केबिन रोडवरच्या एका रक्त तपासणीच्या लॅबमध्ये सव्वीस वर्षं टेक्निशियन होती. ताप आलेला माणूस "मलेरियाच आहे" असं स्वतःच ठरवून यायचा, सोबतची बायको मान डोलवायची, आणि वैजयंता स्लाइड बघितल्याशिवाय एक अक्षर बोलायची नाही. आधी तपासणी, मग रडणं, असा तिचा खाक्या. नवरा गेला तेव्हासुद्धा तिने आधी कागद वाचले होते आणि मग हंबरडा फोडला होता. अशा बाईला कुणी आपल्या बापाची माती मेली म्हणून सांगावं, तेही तपासल्याशिवाय, म्हणजे कमालच.

पण कोंडिरामने माती तपासली होती. त्याने सरकारी कागदाचा फोटो पाठवला. सगळं ठीक होतं, उगाच थोडं जस्त कमी. "कागदावर काय बी लिवतेत," त्याने खाली लिहिलं होतं. "पीक काय म्हनतं ते बघ."

"बघतेच," वैजयंता म्हणाली. "एक हंगाम दे मला. ती माती इथे पाठव, मी पेरून बघते. माती खरंच मेली असेल तर ऑक्टोबरात ये, डोळे झाकून सही करते."

कोंडिराम हसला. पण अक्काचा शब्द त्याने कधी खाली पडू दिला नव्हता. मे महिन्यात टाकळीच्या काळ्या मातीची दहा पोती ट्रॅव्हल्सच्या डिकीतून आली, आणि त्याच वाणाचं किलोभर बियाणंही आलं.

शांती नगरातली तिची बिल्डिंग चार मजली, जुनी, बिनलिफ्टची. वैजयंता चौथ्या मजल्यावर राहायची आणि वर गच्ची होती. दहा पोती माती तिने बादलीबादलीने वर नेली. लॅबमधून आल्यावर रोज सहा खेपा, असं पंधरा दिवस. मुलगी रश्मी शाळेत भूगोल शिकवायची. पहिले चार दिवस ती नुसतीच वैतागली.

"आई, तू काय करतेयस? लोक हसतायत."

"हसू दे. दात त्यांचे आहेत."

पाचव्या दिवशी रश्मीनेही बादली उचलली. त्याच रात्री जेवताना तिने मोबाईलमध्ये नकाशा बघितला आणि म्हणाली, "एक बरंय. परभणी आणि मीरा रोड जवळजवळ एकाच अक्षांशावर आहेत. म्हणजे दिवस-रात्र दोन्हीकडे सारखीच लांब. निदान उजेड तरी तुझ्या झाडांना गावचाच मिळेल." वैजयंताला ते बरं वाटलं, पण त्यातलं फार काही कळलं नाही.

सोसायटीचे सेक्रेटरी आत्माराम गोठणकर धावत वर आले. रिटायर झाल्यापासून सोसायटीवर त्यांचा फार जीव.

"वैजयंताबाई, गच्ची कॉमन आहे. उद्या लिकेज झालं तर?"

"गच्चीखाली कोण राहतं, गोठणकर?"

"तुम्ही."

"मग गळेल कुणाच्या डोक्यावर?"

गोठणकर आले तसे खाली उतरले. तिने ड्रमखाली विटा लावल्या, पाणी जायला भोकं पाडली, वर लेखी हमीपत्र दिलं. निळे ड्रम आडवे कापून आठ अर्धे ड्रम तयार झाले होते. सहांमध्ये टाकळीची माती, दोनांमध्ये नर्सरीतली विकतची. टाकळीची माती मेली असेल तर नर्सरीच्या मातीतलं झाड तिच्यातल्याच्या दुप्पट होईल, इतका साधा हिशेब. सोळा जूनला तिने आठही ड्रमांत दोन बोटं खोल बी टोचलं.

पाचव्या दिवशी बी उगवून वर आलं आणि सहाव्या दिवशी कबुतरांनी पंगत उठवली. समोरच्या बिल्डिंगमधल्या हंसाबेन रोज सकाळी गच्चीवर दाणे टाकायच्या, त्यामुळे त्या भागातली कबुतरं म्हणजे जावयासारखी माजलेली. आठांपैकी पाच ड्रम साफ. दाराजवळचे तीन तेवढे वाचले, कारण तिथे कपडे वाळत घालणाऱ्यांची ये-जा असायची. वैजयंता तशीच समोरच्या बिल्डिंगमध्ये गेली.

"हंसाबेन, तुम्हारे कबूतर मेरा खेत खा गये."

"अरे बेन, पंखी है. पुण्य मिलेगा."

"पुण्य तुम्ही ठेवा," वैजयंता मराठीत म्हणाली आणि परत आली.

लॅबचा वॉचमन धर्माजी जवळच्या मोरवा गावचा कोळी. त्याच्या कानावर ही हकिकत गेली तेव्हा तो पोट धरून हसला आणि दुसऱ्या दिवशी खांद्यावर मासळीचं जुनं जाळं टाकून आला. "ने बाय. घरान परून हाय, आमाला न्हाय लागत आता. बोंबील पकरलं यान, कबुतरांची काय टाप."

जाळं आलं, पण बियाणं डब्यात नव्हतं. उरलेलं रश्मीने चांगल्या मनाने भिजवून ठेवलं होतं, मोड काढून उसळ करायला. त्यातलं हाती लागलं तेवढं अठ्ठावीस जूनला तीन ड्रमांत गेलं. दोन ड्रम नुसत्या मातीचे, मोकळेच राहिले.

आता इथे एक गोष्ट सांगायलाच हवी, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

वैजयंताच्या आजोबांनी दीक्षा घेतली तेव्हा मुहूर्त, नक्षत्र, नारळ, अंगारा, सगळं उंबऱ्याबाहेर टाकलं होतं. तीन पिढ्यांत त्या घराने कधी पंचांग उघडलं नाही. लग्नं रविवारी, कारण रविवारी सुट्टी. पण अकरा वर्षांपूर्वी वडील गेले, आणि त्या सालच्या पेरणीला वैजयंता टाकळीला गेली. ट्रॅक्टर चालू व्हायच्या आधी कोंडिराम म्हणाला, "अक्का, पहिली मूठ तू टाक." तिने टाकली, आणि त्या साली रान नऊ क्विंटलांनी पिकलं. तेव्हापासून ठरूनच गेलं: अक्काचा हात लागल्याशिवाय पेरणी नाही. घरातून सगळे मुहूर्त हद्दपार करणाऱ्या माणसांनी बहिणीच्या हाताचा एक मुहूर्त हळूच आत घेतला, आणि तो मुहूर्त आहे हे कुणाच्या लक्षातही आलं नाही.

अक्काला सुट्टी मात्र जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात मिळायची. जूनच्या दुसऱ्या आठवड्यापासून लॅबचे डॉक्टर महिनाभर मुलाकडे परदेशात जायचे आणि लॅब वैजयंताच्या जिवावर चालायची. ते परतले की तिला चार दिवस मिळत. या वर्षीही ती तशीच गेली. बारा जुलैला तिने आपल्या रानात मूठ टाकली. शेजारी पाटलाचं सोयाबीन वीतभर उभं होतं. पाटलाला बोअर आहे, तो घाई करणारच, असं तिला दरवर्षी वाटायचं. "आपल्याकडं ओल उशिरा येती," असं कोंडिरामही दरवर्षी म्हणायचा.

येताना तिने पिशवीत दोन ओंजळी बियाणं आणलं आणि चौदा जुलैला उरलेले दोन ड्रम पेरले. कबुतरांची कृपा म्हणा, पण अशी तीन तारखांची तीन वयं गच्चीवर उभी राहिली.

ऑगस्ट सरला तसं वैजयंताला चैन पडेना. टाकळीची माती आणि नर्सरीची माती यांत काडीचा फरक दिसत नव्हता. जाळ्याखाली सोळा जूनची झाडं मांडीला लागत होती, मग ती कुठल्याही मातीतली असोत. चौदा जुलैची झाडं गुडघ्याच्या वर यायला तयार नव्हती. रोज सकाळी चहाचा कप घेऊन ती वर जायची आणि वहीत लिहायची. सोळा जूनच्या झाडांना बेचाळिसाव्या दिवशी फूल आलं होतं. चौदा जुलैच्यांना चौतिसाव्या दिवशीच. अंगात जीव नाही, फांद्या फुटलेल्या नाहीत, आणि फुलून मोकळी.

"ही एवढीशी असताना फुलली कशी गं?" तिने रश्मीला विचारलं.

रश्मीने दोन संध्याकाळी वाचून काढलं आणि आईला समजावलं. "सोयाबीन आपली उंची बघत नाही, आई. रात्र बघतं. रात्र मोठी व्हायला लागली की त्याला कळतं, दिवस संपत आले, आता फुलायला हवं. जूनमध्ये पेरलं तर तोवर वाढायला भरपूर वेळ मिळतो. जुलैत पेरलं तर वाढ होण्याआधीच फुलण्याची वेळ येते. मग खोडाला पेरं कमी, शेंगा कमी. शिवाय दाणा भरतो तेव्हा गावाला पाऊस गेलेला असतो. तुझ्या ड्रमला तू पाणी घालतेस. रानाला कोण घालणार?"

शेंगा धरल्यावर वैजयंताने त्या मोजल्या. सोळा जूनच्या झाडाला सरासरी शेहेचाळीस, अठ्ठावीस जूनच्याला तेहेतीस, चौदा जुलैच्याला एकवीस. पेशी मोजायची सवय असलेली बाई, तिने पुन्हा मोजल्या. एकवीसच होत्या.

चारवर अडकलेलं रान. बारा जुलै. पण तपासणी पूर्ण व्हायची होती. तिने कोंडिरामच्या मुलीला, निशाला फोन लावला.

"निशा, आपण पेरणी कधी करतो गं?"

"तुम्ही येता तवा, आत्या."

"आणि पाटील?"

"ते जूनमधीच. समदा गावच जूनमधी पेरतो. ओल झाली की दुसऱ्या दिवशी."

"आपल्या रानाला ओल उशिरा येते ना?"

"आत्या, बांध एक, आभाळ एक. ओल येगळी कशी येईल? तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून बाबा तसं म्हनतेत."

"आणि ते पहिलं साल? नऊ क्विंटल झालं ते?"

"त्या साली पाऊसच जुलैत आला होता म्हनं. समद्यांनीच तवा पेरलं. नंतर लई दिवस पडत राहिला."

वैजयंताने फोन ठेवला आणि गच्चीच्या पायरीवर बसून राहिली. काखेत कळसा आणि गावाला वळसा. बियाण्याला शिव्या घातल्या, खताला घातल्या, मातीला तर मेली म्हणून झालं. चोर सोडून संन्याशाला फाशी निघाली होती, आणि चोर दरवर्षी रिझर्वेशन करून टाकळीला जात होता. तिला स्वतःची इतकी चीड आली की रडूही येईना.

ऑक्टोबरच्या मध्यात कोंडिराम सहीचे कागद घेऊन मीरा रोडला आला. तिने त्याला चहासुद्धा न देता गच्चीवर नेलं. पक्व झालेली झाडं तिने ड्रमांप्रमाणे जुड्या बांधून ठेवली होती, समोर लॅबमधला काटा होता. त्याच्यादेखत तिने मळणी केली, दाणे पाखडले, वजन केलं. सोळा जूनच्या ड्रमात टाकळीच्या मातीने शहात्तर ग्रॅम दिले, नर्सरीच्या मातीने एकाहत्तर. चौदा जुलैच्या ड्रमात टाकळीचीच माती, तेच बियाणं, तेवढीच झाडं. अठ्ठावीस ग्रॅम.

कोंडिरामने ते दाणे तळहातावर घेतले. जूनचे टपोरे होते. जुलैचे त्याला चांगलेच ओळखीचे होते, दरवर्षी घरी तेच यायचे.

"म्हंजे माती मेली न्हाई," तो हळूच म्हणाला.

"ठणठणीत आहे. तिला माझी सुट्टी नडली."

"असं बोलू नगस अक्का."

"मग कसं बोलू? तुला माहीत होतं ना, गाव जूनमध्ये पेरतो?"

"गाव काय बी करंना. थोडं मागंपुढं झालं तर काय फरक पडतो, वाटायचं. येवढा पडत असंल, खरंच ठाव नव्हतं."

"आता कळलं. पुढच्या साली ओल झाली की पेर. माझी वाट बघायची नाही."

कोंडिरामने दाणे काट्यावर परत ठेवले आणि भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. मग एकदम म्हणाला, "तर मग ईकूनच टाकू."

"काय?"

"तू यायची बंद होणार असशील तर ते रान ठेवून करू काय मी? आई न्हाई, दादा न्हाई. लग्नकार्याला तुला सुट्टी मिळत न्हाई. चार वर्षांमागं मी आजारी पडलो तवा बी तुला येता आलं न्हाई. पेरणीला तेवढी तू येतीस. चार क्विंटल तर चार. पन तू येतीस."

जमिनीचा रिपोर्ट वैजयंताने बिनचूक काढला होता, पण भावाचा काढायचा राहून गेला होता. तरी तिने कागद घेतले नाहीत.

"कोंडू, मला बघायला म्हणून दादाचं रान उपाशी मारायचं नाही," ती म्हणाली. "सही नाही. चल, चहा पी."

तो चहा प्यायला, जेवला, आणि दुसऱ्या दिवशी कागद परत घेऊन गेला. पेरणीचा विषय मात्र त्याने पुन्हा काढला नाही, आणि अक्का समजून गेली की हा पुढच्या जूनमध्ये पुन्हा ओलीची सबब सांगणार.

तसंच झालं. पुढच्या वर्षी पंधरा जूनपर्यंत टाकळीत दोन दमदार पाऊस झाले. निशाचा मेसेज आला: वीतभर खोल ओल गेली, पाटलांनी आज पेरलं, बाबा गिरणीत बसून आहेत. वैजयंताने लॅबमधूनच फोन लावला.

"पेरणी कधी?"

"ओल कमी हाय जरा."

"निशाने रानात काठी खुपसून बघितली. वीतभर आहे."

"तू कवा यायलीस?" कोंडिरामने उलट विचारलं.

"नाही येणार."

"बारा तारखंला दरसाल..."

"या जुलैत मी सुट्टी टाकलेलीच नाही. डॉक्टर जायच्या आधीच त्यांना लिहून दिलं. तू बारा तारखेपर्यंत थांब नाहीतर पंधरापर्यंत, स्टँडवर कुणी उतरणार नाही."

"लई कठीण काळजाची झालीस अक्का," तो म्हणाला आणि फोन बंद झाला.

ती खरंच कठीण झाली होती का, हे तिचं तिलाच ठाऊक. दोन दिवस तिने स्लाइडी बघितल्या, सुया टोचल्या, लोकांच्या पोरांना "डास चावल्यासारखं होईल, बस" म्हणून समजावलं. दर तासाला मोबाईल बघितला. पेरणीचा एकेक दिवस जात होता आणि तो दिवस कितीचा, हे आता तिला शेंगांच्या हिशेबात माहीत होतं. रश्मी म्हणाली, "आई, तूच फोन कर ना." ती म्हणाली, "नाही. मी केला की तो पुन्हा वाट बघत बसेल."

तिसऱ्या दिवशी दुपारी, लॅबमध्ये रांग लागलेली असताना, फोन वाजला.

"पेरलं अक्का."

तिने हातातली सुई ट्रेमध्ये ठेवली. "सगळं?"

"तिन्ही एकर. सकाळी सहाला लागलो, आत्ता झालं."

"मूठ कुणी टाकली?"

"मीच," तो म्हणाला. "धीर हुईना. पन टाकली."

बारा वर्षांत पहिल्यांदा दादाच्या रानात तिच्याशिवाय बी पडलं होतं. तिने तेच मागितलं होतं, त्यासाठी भावाचं मन मोडलं होतं, आणि आता ते झाल्यावर ती पेशंटच्या शेजारी बाकावर जाऊन बसली.

"अक्का, हायस ना?"

"आहे."

"मग आता तू कवा यायलीस ते सांग. जुलै ऱ्हाऊ दे. सप्टेंबरात ये, शेंगा भरल्यावर." मग तो जरा नवल वाटल्यासारखा म्हणाला, "अगं, दादा गेल्यापासून तू आपलं सोयाबीन उभं कवा बघितलंच न्हाईस की!"

खरंच बघितलं नव्हतं. बारा वर्षं ती काळ्याशार मोकळ्या रानात उभी राहिली होती, एक मूठ टाकली होती, आणि दुसऱ्या दिवशी परत गाडीत बसली होती. त्या मुठीचं पुढे काय होतं, हे तिने डोळ्यांनी कधी पाहिलं नव्हतं. बाही वर करून बसलेली पेशंट घाबरून तिच्याकडे बघत होती.

"मॅडम, क्या हुआ? सब ठीक?"

वैजयंताने डोळे पुसले, नवे ग्लोव्हज घातले आणि सुई उचलली.

"सब ठीक," ती म्हणाली. "सितंबर में मैं छुट्टी पे जानेवाली हूँ. मुठ्ठी बंद करो."